यादीतली कोरी ओळ

हे ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय, आणि मामी समोर होत्या.

साल १९८७. चैत्र संपत आलेला. पाथरी.

मार्तंडमामा तिथल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचे. त्या दुपारी धाकट्या उद्धवमामाच्या लग्नाची पत्रिका हातात होती. मालक कागद आणायला परभणीला गेलेले. मामा एकटेच.

पत्रिकेच्या शेवटी आम्हा पोरांची यादी. 'आमच्या काकाच्या, मामाच्या लग्नाला यायचं हं!' खाली एकेका ओळीत एकेक नाव. माझंही होतं.

मामांनी प्रूफ काढलं.

यादीच्या मधोमध एक ओळ कोरी...

दोन ओळींमधली पट्टी जास्त पडली असेल म्हणून त्यांनी जुळणी सोडली. ओळी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. मधे नख शिरत नव्हतं. तरी पट्ट्या बदलल्या, पुन्हा आवळलं, पुन्हा प्रूफ काढलं.

जागा तिथंच...

मग त्यांनी सगळी यादीच मोडली. नव्यानं जुळवायला बसले, तर पाठीमागच्या खणांतून कुणी खिळे उचलल्यासारखा आवाज यायला लागला.

टिक... टिक...

वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

तेवढ्यात प्रमोदिनीमामी डबा घेऊन आल्या. मामांनी प्रूफ पुढं केलं. मामी त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवत राहिल्या.

गेल्या पोळ्याच्या सुमारास त्यांची लेक बारशाआधीच गेली होती.

"आपन तिला नावच ठेवलं न्हाई," मामी म्हणाल्या.

काय ठेवायचं, मामांनी विचारलं. मामींनी ते कधीचं मनात धरलं असावं.

"वेणू."

मामांनी यादी पुन्हा लावली, मधे नाव जुळवलं. कु. वेणू. प्रूफ काढलं. नाव नेमकं त्या जागी बसलं होतं. टिकटिक थांबली.

मामांना हायसं वाटलं. मामी मात्र कागदावरून नजर काढेनात.

वेणूच्या खाली...

आणखी एक ओळ कोरी.

मामींचा हात पोटावर गेला.

"मी अजून कुनालाच सांगितलं न्हवतं," त्या हळूच म्हणाल्या.

पत्रिका तशीच छापली, ती जागा ठेवून.

पुढं मुलगा झाला. मामींनी बारशाची वाट पाहिली नाही. नाळ कापायच्या आधीच त्याला नावानं हाक मारली. पोरगा धडधाकट निघाला, आज परभणीत नोकरीला आहे.

सुट्टीत तो घरी आला की मामा त्याला जेवायला हाक मारतात. तो आतून "आलो" म्हणतो.

पण मामा जागचे हलत नाहीत. आणखी कुणी ओ द्यायचं राहिलंय, तसे कान देऊन थांबतात...

कुणासाठी, ते विचारायची माझी छाती झालेली नाही.