बोटीवरचं दुपटं

"तिकिटं तीनच काढलीत, आक्का!"

तेजस्वीनं हे सांगितलं तेव्हा आठ महिन्यांचा सम्राट संयोगिताच्या पदराखाली दूध पीत होता... आणि सांगणारी तेजस्वी त्याची जन्मदात्री आई होती! संयोगिता त्याची चुलती, तेजस्वीची थोरली जाऊ. शाहूपुरीतल्या त्या घराला यात नवल वाटेनासं झालं होतं, पण बोलूनही कुणी दाखवत नव्हतं. बोलायची वेळ आणली ती त्या बोटीनं.

तेजस्वीचा नवरा, संयोगिताचा धाकटा दीर आदर्श दोन दिवस फोन नाचवत घरभर फिरत होता. मुंबईहून निघायचं, गोव्यावरनं लक्षद्वीप गाठायचं आणि पाचव्या दिवशी परत मुंबई. इमारतीएवढी पांढरीशुभ्र बोट, तिच्या गच्चीवर पोहायचा तलाव, खोलीच्या काचेबाहेर जिकडं बघावं तिकडं निळं पाणी! सहा महिन्यांवरचं बाळ चालतं, त्याला खोलीत पाळणासुद्धा देतात. लग्न झाल्यापासून नवरा-बायको कुठं गेले नव्हते. जाऊ देत की बिचारे!

"तीनच?" सासूबाई बाळाबाई निवडायचं सूप खाली ठेवून म्हणाल्या. त्यांना दोघी सुना 'आत्ती' म्हणत. "संयोगी न्हाय व्हय बरोबर? मग लेकरू पिणार काय, समुद्राचं पाणी?"

"बाटलीनं पिईल, आत्ती. आणि त्याची आई हाय की बरोबर!"

'आई' या शब्दावर तेजस्वीचा आवाज चिरकला. संयोगितानं मान वर केली नाही. पदराखालचं ते चिमुकलं तोंड दूध ओढतच होतं, एक हात तिच्या मंगळसूत्रात अडकवून... निर्धास्त!

आठ महिन्यांपूर्वी, दहा दिवसांच्या अंतरानं दोघी जावा बाळंत झाल्या होत्या. संयोगिताला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली, आणि ती दोन दिवसच राहिली. नावसुद्धा ठेवायला सवड दिली नाही तिनं! मग तेजस्वीला मुलगा झाला, पण तिला ताप भरला, जंतुसंसर्ग झाला, अठरा दिवस ती दवाखान्यात पडून होती. इकडं बाळ भुकेनं टाहो फोडतंय आणि तिकडं संयोगिताची छाती दुधानं तटतटलीय... आत्तींनी फार विचार केला नाही. लेकरू उचललं आणि थोरलीच्या ओटीत घातलं. संयोगिता त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं रडली. आपल्या लेकीसाठी आलेलं दूध दुसऱ्याचं पोर पितंय, या दुःखानं की सुखानं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तेजस्वी घरी आली तेव्हा तिचं दूध आटलं होतं. तिनं हात पसरले की सम्राट किंचाळायचा. अंघोळ आक्का, झोप आक्का, ताप आला तरी आक्का! स्वतःच्या पोटच्या गोळ्याच्या घरात ती पाहुणी होऊन राहिली. तोंडानं म्हणायची, "आक्का होत्या म्हणून माझं पोर जगलं," आणि मग न्हाणीघरात नळ सोडून रडायची. भिंत ती केवढी! संयोगिताला सगळं ऐकू यायचं.

म्हणूनच तिला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, रागाला निदान भांडून मोकळं होता येतं! तिला कळत होतं की तेजस्वीला समुद्र बघायचा नाही. जिथं आक्काची हाक पोहोचत नाही, असं पाच दिवसांचं ठिकाण तिला हवंय. पण मधल्या दर्यात हे पोर रडायला लागलं तर? गाडी थोडीच आहे ती मागं वळवायला?

निघायला बारा दिवस होते. संयोगितानं त्याच दिवशी मनाशी ठरवलं. गच्चीवरच्या कुंडीत कोरफड होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं एक पात कापली, त्याचा पिवळा कडू चीक छातीला चोळला आणि सम्राटला मांडीवर घेतलं. लेकरानं हसत तोंड लावलं... आणि थबकलं! इवलंसं तोंड वेडंवाकडं झालं. त्यानं मान मागं घेऊन तिच्याकडं बघितलं. असं काय केलंस, म्हणून विचारल्यासारखं! पुन्हा एकदा विश्वासानं तोंड लावलं आणि मग जो आकांत मांडला, तो ऐकून तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

"तेजू, घे गं तुझं पोर! बाटली दे त्याला."

"का? आज काय झालं?"

"माझ्यानं आता होत न्हाय. अंग दुखतंय माझं. किती दिवस करू मी?"

एवढं बोलून ती गच्चीवर पळाली. पाण्याच्या टाकीआड बसून तिनं छातीला जुनं धोतर करकचून आवळून बांधलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला.

खरं सांगायला काय झालं होतं हिला? कुणीही विचारील. पण सांगितलं असतं तर आत्तींनी त्याच क्षणी तिकिटं फाडायला लावली असती, आणि तेजस्वीला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं की तुझ्या हौसेपायी लेकराचं दूध तोडलं! त्यापेक्षा आपणच वाईट झालेलं बरं, असं तिला वाटलं. त्यागाचंसुद्धा माणसाला वेड लागतं, दुसरं काय!

घरात व्हायचं तेच झालं. तिसऱ्या दिवशी आत्ती फुटल्या. "एक तिकीट काढलं न्हाय म्हणून लेकरावर सूड काढतीस व्हय गं? एवढ्या कोत्या मनाची असशील असं वाटलं नव्हतं मला!"

"समजा तसं," संयोगिता म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

सम्राट दिवसभर किरकिरत होता. बाटली घेत होता, पण झोपेला अडत होता. त्याला संयोगिताच्या जुन्या साडीचं दुपटं लागायचं, त्यात नाक खुपसूनच तो डोळे मिटायचा. तिनं ते दुपटं कपाटात तळाला दडपून टाकलं. मग धुण्याच्या टोपलीतून तेजस्वीचा पोपटी सुती गाऊन उचलला. न धुतलेला, चार दिवस अंगावर वापरलेला! दुपारची निजानीज झाली की दार लावून ती त्याचं दुपटं शिवायला बसे. लेकराला वासच हवा असतो ना, मग तो आईचाच असू दे. टाका इतका बारीक घालायचा की गालाला बोचू नये. मध्येच डोळ्यांत पाणी आलं की टाका चुके, आणि ती उसवून पुन्हा घाली.

पाचव्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात तेजस्वीला पोपटी बाही सापडली.

"आक्का, माझा गाऊन फाडलासा तुम्ही?"

संयोगिता क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, "जुना वाटला. फरशी पुसायला घेतला."

"फरशी पुसायला?" तेजस्वीनं ती बाही तिच्यापुढं धरली. "एवढा राग हाय माझा? मी काय मागितलं ओ तुमच्याकडं? पाच दिवस माझं पोर माझ्याजवळ असावं, एवढंच की! तुमची मुलगी गेली ती काय मी नेली?"

बोलून गेल्यावर तेजस्वी स्वतःच भेदरली आणि खोलीत पळाली. संयोगिताचा नवरा उदयसिंह दारात उभा होता. दुकान आणि घर यापलीकडं फारसा न बोलणारा माणूस. तो हळूच म्हणाला, "कुंडीतली कोरफड पार संपत आली की गं... दुसरी आणू का?"

तिनं चमकून त्याच्याकडं बघितलं. तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. निदान एका माणसाला तरी ठाऊक होतं!

निघायचा दिवस उजाडला. आत्तींनी नारळ, खण आणि तांदूळ पिशवीत भरून ठेवले होते. जन्मल्यापासून सम्राटनं पंचगंगा ओलांडली नव्हती, आणि लेकरू पहिल्यांदा नदीपलीकडं न्यायचं तर आईनं आधी नदीची ओटी भरायची, असा त्यांच्या घरचा रिवाज होता.

"वेळ न्हाय, आत्ती," तेजस्वी तुटकपणे म्हणाली. दोन दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. "बोट चुकंल." पिशवी पायरीवरच राहिली.

सगळ्यांची पाठ वळताच संयोगितानं बाळाच्या बॅगेच्या तळाशी ते पोपटी दुपटं सारलं आणि ती स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिली. दाराच्या फटीतून दिसत होतं... आदर्शच्या खांद्यावरून सम्राट मान वळवून वळवून कुणाला तरी शोधत होता. गाडी सुरू झाली. धोतराची घट्ट पट्टी भिजून ओली झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोटीवरून आदर्शचा फोन आला. आत्तींनी फोनचा आवाज मोठा केला आणि पहिला ऐकू आला तो सम्राटचा आक्रोश! घसा बसलेला, उचक्या देत चाललेला...

"आई, कालपासनं असंच चाललंय. दूध घेईना, झोपंना. बोटीवरच्या डॉक्टरीणबाई म्हणत्यात ताप न्हाय, काही न्हाय. तेजूनं तर हाय खाल्लीय. वहिनी हायत का तिथं? त्यांना बोलायला सांग की जरा, आवाज ऐकून तरी गप होईल!"

आत्तींनी फोन संयोगिताच्या तोंडाशी धरला. "बोल! एक हाक मार त्याला!"

हाक गळ्यापर्यंत आली होती. 'सोन्या' एवढंच म्हणायचं होतं! पण तिला कळत होतं, हा आवाज ऐकला की पोर पुन्हा तिलाच शोधत बसणार आणि त्या चहूबाजूंच्या पाण्यात ती काही सापडायची नाही. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि मान हलवली. नाही... नाही!

"दगड हायस तू, दगड!" आत्ती कडाडल्या.

संयोगितानं त्यांच्या कानाशी लागून कसंबसं सांगितलं, "बॅगेच्या तळाला बघ म्हणावं. दुपटं हाय. तेजूनं ते छातीशी धरून त्याला त्यात घ्यायचं. मी सांगितलं म्हणू नका."

आत्तींनी तेवढं ओरडून सांगितलं आणि फोन तुटला. पुन्हा लागला नाही. तो दिवस गेला, पुढचे तीनही गेले. आत्ती अंबाबाईला खणानारळाचा नवस बोलल्या. संयोगितानं घास गिळला नाही. एवढं सोसून जर सगळं फुकट गेलं असेल तर, या एका विचारानं ती वेडीपिशी झाली होती. लेकराला आपण कडू पाजलं आणि दर्यात सोडून दिलं... कोणती आई असं करते? आणि आपण आई तरी कुठं आहोत?

सातव्या दिवशी दुपारी तिच्याच फोनची घंटा वाजली. तेजस्वी होती. आवाज बसका.

"आक्का, आम्ही शिरोलीच्या पुलापल्याड थांबलोय. ओटीची पिशवी घेऊन या. आत्तींनाबी आणा. ओटी भरल्याबिगर मी पोराला पूल ओलांडू देणार न्हाय."

उदयसिंहानं गाडी काढली. पुलापलीकडं पंचगंगेकडं उतरणाऱ्या वाटेवर तेजस्वी उभी होती, खांद्यावर सम्राट आणि त्याच्याभोवती पोपटी दुपटं. संयोगिताला बघताच ती रडत पुढं आली.

"आक्का, दुपटं उलगडलं आणि मला माझाच गाऊन दिसला ओ! फरशी पुसायला घेतलेला! त्याला त्यात गुंडाळून जवळ घेतलं तर नाक घासत घासत तासाभरात झोपला... माझ्या अंगावर! मी काचेपाशी बसून नुसते टाके बघत होते. समुद्र बघितलाच न्हाय मी."

"झोपला ना? मग झालं तर."

"झालं कसं? त्याच्या तोंडाला कडवट वास यायचा घरी. माझ्या आईनं मला तिसऱ्या वर्षी अंगावरनं असंच तोडलं होतं, कोरफड लावून. वास ओळखीचा होता, पण रागानं आंधळी झालेली मी! तुम्ही माझ्यासाठी पाजायचं सोडलंत, आणि मी तुम्हाला काय बोलले... त्या पोरीचं नाव काढलं..."

आत्तींनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि मी दगड म्हटलं गं हिला!"

संयोगितानं तेजस्वीचे डोळे पुसले आणि मग राहवेना म्हणून सम्राटपुढं हात पसरले. "ये, सोन्या..."

सम्राटनं तिच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि मान फिरवून तेजस्वीच्या गळ्यात तोंड लपवलं.

"अरे, आक्का हायत की! जा की त्यांच्याकडं!" तेजस्वी घाबरून त्याला पुढं करू लागली.

"असू दे," संयोगिता म्हणाली. पसरलेले हात काय करावे ते तिला कळेना, म्हणून तिनं दुपट्याची सुटलेली कड नीट केली. "असंच व्हायला पायजे होतं. ओटी भर तू आता, ऊन उतरलं."

"मी न्हाय भरणार." तेजस्वीनं नारळ आणि खण तिच्या हातात ठेवले. "रिवाज आईनं भरायचा हाय. याला दोन आया हायत. आणि थोरलीचा मान पहिला."

संयोगितानं आत्तींकडं बघितलं. आत्तींनी मान डोलावली. ती पाण्याशी उतरली, हळदकुंकू वाहिलं, खण-नारळ सोडला आणि हात जोडले. सम्राटसाठी मागितलं. मग जिला नावही मिळालं नव्हतं, त्या दोन दिवसांच्या लेकीसाठीही मागितलं... आठ महिन्यांत पहिल्यांदाच.

ती वर आली तेव्हा सम्राट भुकेनं रडायला लागला होता. सवयीनं तिचा हात छातीकडं गेला. पदराखाली सगळं कोरडं होतं. दूध आलं नव्हतं.

तेजस्वीनं बाटली हलवून तिच्यापुढं धरली. "आक्का, तुम्ही पाजा."

"नको," संयोगिता तिच्या शेजारी टेकली. "तूच पाज. मी बघते."