आबांचा अर्धा कीबोर्ड

दगडूने वाडग्यात पाणी घेतलं, कपाटातला एक काळा दगड त्यात बुडवला आणि वाडगा आबांसमोर ठेवला. आबांनी वाडग्याकडे पाहिलं, मग दगडूकडे पाहिलं आणि उजव्या हाताने कपाळ धरलं.

"सूचनेप्रमाणे दगड आणि जल आणलं आहे," दगडू नम्रपणे म्हणाला.

समोरच्या भिंतीवर आबांनी टाईप केलेली अक्षरं अजून दिसत होती : 'दगड जल'.

दाराशी उभ्या असलेल्या मनवाला हसावं की रडावं ते कळेना. पाण्यात बुडवलेला दगड आबांना कशाला हवा असेल?

दगडू हा त्यांच्या घरातला यंत्रमानव. कमरेएवढा उंच, चाकांवर चालणारा, सांगितलेलं काम इमानेइतबारे करणारा. त्याचं नाव आबांनीच ठेवलं होतं. आबा म्हणजे डॉ. त्र्यंबक गुजर, मनवाच्या आईचे वडील. चंद्रावरून आणलेल्या खडकांचा अभ्यास करण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्तीनंतर ते साताऱ्याला लेकीकडे राहायला आले आणि सातवीतल्या मनवाला गणित, विज्ञान आणि पत्त्यांत फसवायच्या युक्त्या असं सगळं एकदमच शिकवू लागले.

गेल्या महिन्यात आबांना पक्षाघात झाला (मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा थांबला आणि तो भाग काम करेनासा झाला). त्यांचा डावा हात लुळा पडला. आबा डावखुरे, त्यामुळे लिहिणंच बंद झालं. उजव्या हाताने पेन धरलं तर नुसत्या रेघोट्या उमटत. इस्पितळात घशात नळी घातली होती, त्यामुळे आवाजही बसला होता. तो हळूहळू परत येईल असं डॉक्टर म्हणाले होते. तोवर बोलण्यासाठी म्हणून त्यांच्या खुर्चीपुढच्या टेबलावर एक कीबोर्ड बसवला होता. आबा जे टाईप करत ते भिंतीवर दिसे आणि दगडू ते वाचून कामाला लागे.

पण आबा लिहीत ते फार विचित्र असे. परवा त्यांनी 'कप कडक' असं लिहिलं, तर दगडूने सगळे कप टिचकी मारून तपासले आणि त्यातला सर्वांत कडक, स्टीलचा, रिकामा कप आणून दिला. काल 'गरगर' लिहिलं, तर दगडू स्वतःभोवती गरगर फिरत राहिला. शेवटी आईने त्याचं बटण बंद केलं.

मनवाला सगळ्यात जास्त लागलं होतं ते वेगळंच. ती रोज संध्याकाळी आबांच्या खुर्चीजवळ खिडकीपाशी बसून त्यांना शाळेतल्या गोष्टी सांगायची. आबा तिच्याकडे मान वळवून बघतसुद्धा नसत. भलतीकडेच, दाराकडे बघत बसत. आणि त्यांनी तिचं नाव एकदाही लिहिलं नव्हतं.

त्याच दिवशी, शनिवारी, पुण्याहून उदयमामा आला. दगड आणि जलाची हकिकत ऐकून त्याने आईला बाजूला घेतलं.

"ताई, आबांची समज गेलीये," तो आईला म्हणाला. "मान्य करायला जड जातंय, पण तसंच आहे. पुण्यात एक केंद्र आहे. स्मृती गेलेल्या लोकांना तिथे चांगलं सांभाळतात. उद्या डॉक्टर मुजावर येणार आहेत ना? त्यांचं मत घेऊ आणि आबांना घेऊन जाऊ."

"त्यांना विचार तरी," आई म्हणाली.

मामा आबांच्या समोर वाकला. "आबा, तुम्हाला पुण्याला नेऊ? तिथे तुमची नीट काळजी घेतील."

आबा झपाट्याने टाईप करू लागले. भिंतीवर शब्द उमटला : 'हरकत'.

"काही हरकत नाही म्हणतायत," मामा म्हणाला.

आबांनी जोराजोरात मान हलवली आणि पुन्हा लिहिलं, 'हरकत हरकत हरकत'.

"मान तर नाही म्हणून हलवतायत," मनवा म्हणाली.

"अगं, मघाशी त्यांनी पाण्यात दगड मागितला. त्यांच्या मान हलवण्यावरून आपण काय ठरवणार?" मामा म्हणाला. तो रागावलेला नव्हता, दमलेला होता.

थोड्या वेळाने मनवा शाळेचा कीबोर्ड घेऊन आबांच्या पुढ्यात बसली. "आबा, माझं नाव लिहा ना. मला तुम्ही ओळखता ना?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचं बोट कीबोर्डावर घुटमळलं, इकडे गेलं, तिकडे गेलं. काहीतरी हरवल्यासारखे ते अक्षरं शोधत होते. शेवटी त्यांनी लिहिलं, 'बदक'.

दगडूने तत्परतेने भिंतीवर बदकाचं चित्र दाखवलं.

मनवाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बदक नाही हो. हे बघा, असं लिहायचं." तिने आपल्या कीबोर्डावर 'मनवा' टाईप केलं आणि तिथेच थबकली.

तिचा उजवा हात मांडीवरच होता.

शाळेत त्यांना टायपिंग शिकवताना बाईंनी प्रत्येक बोटाला आपापल्या कळा नेमून दिल्या होत्या. त्या पद्धतीच्या मराठी कीबोर्डावर सगळे स्वर (अ, आ, इ, ई वगैरे) आणि काना, मात्रा, वेलांट्या, उकार डाव्या हाताखाली असतात. व्यंजनं (क, ग, त, प वगैरे) बहुतेक उजव्या हाताखाली. फक्त म, न, व, ण अशी थोडी व्यंजनं डावीकडे जाऊन बसली आहेत. म, न, व आणि काना : तिचं अख्खं नाव एकट्या डाव्या हाताने लिहून झालं होतं.

तिने 'दगड' लिहून पाहिलं. या वेळी डावा हात रिकामा राहिला. 'जल', 'कप', 'कडक', 'गरगर', 'हरकत', 'बदक'. सगळे शब्द एकट्या उजव्या हाताचे. आबांचा कीबोर्डही याच पद्धतीचा होता. त्यांत एकही काना नव्हता, एकही वेलांटी नव्हती.

ती कीबोर्ड घेऊन धावत स्वयंपाकघरात आई आणि मामाकडे गेली. "आई, आबांना पाणी हवं होतं. पण काना आणि वेलांटी डावीकडे आहेत, म्हणून त्यांनी 'जल' लिहिलं. आणि दगड म्हणजे दगडू. त्याचा उकार लिहिता येत नाही त्यांना. दगडू, पाणी दे, असं म्हणायचं होतं. 'कप कडक' म्हणजे कपभर कडक चहा आणि 'गरगर' म्हणजे पंखा. आणि 'नाही' हा शब्दच त्यांना लिहिता येत नाही. म्हणून त्यांनी 'हरकत' लिहिलं, म्हणजे त्यांची हरकत आहे."

आई तिच्याकडे बघतच राहिली. मामाने मात्र मनवाचा कीबोर्ड जवळ ओढला आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने सावकाश 'मनवा' लिहून दाखवलं.

"आता सांग. एका हाताने सगळ्या कळा दाबता येतात. आबांचा उजवा हात चांगला आहे. मग ते डावीकडच्या कळा का दाबत नाहीत?"

मनवाने स्वतःही एका बोटाने लिहून पाहिलं. बरोबर होतं मामाचं. उजवं बोट डावीकडे न्यायला कोणी अडवलं होतं? सुटलेलं कोडं पुन्हा जसंच्या तसं समोर उभं राहिलं.

जेवताना ती आबांच्या ताटाकडे बघत होती. आबांनी उजवीकडची वांग्याची भाजी संपवली, उसळ संपवली, भातही उजवीकडून मधोमध चिरल्यासारखा खाल्ला. डावीकडची चटणी आणि काकडीची कोशिंबीर तशीच राहिली. रोजच राहायची. भूक मेलीये, असं आई म्हणायची.

आबांनी लिहिलं, 'परत'.

"परत वाढू? अहो आबा, ताटात कितीतरी आहे अजून," आई गोंधळून म्हणाली.

मनवा उठली आणि तिने ताट धरून अर्धं फिरवलं. डावीकडचं उजवीकडे आलं. आबा चकित झाले. कोणीतरी आत्ताच वाढल्यासारखं त्यांनी कोशिंबिरीकडे पाहिलं आणि आवडीने खाऊ लागले. मामाचा घास हातातच राहिला.

मनवाला आता एक भलतीच शंका आली. खिडकी आबांच्या डावीकडे होती. रोज ती तिथेच बसायची. ती दबकत त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिने हाक मारली. आबा उजवीकडे, दाराकडे बघून तिला शोधू लागले. मग ती खुर्चीमागून उजव्या बाजूला आली. आबांचा चेहरा फुलला. त्यांनी तिच्याकडे बोट केलं आणि लिहिलं, 'बदक'.

"चालायला लागलीस ना, तेव्हा तू झुलत झुलत चालायचीस," आई हळूच म्हणाली. "ते तुला बदक म्हणायचे. मी विसरूनच गेले होते."

दुसऱ्या दिवशी डॉ. शहनाज मुजावर आल्या. मनवाने सांगितलेलं त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग आबांसमोर टेबलावर एक दोरी आडवी ठेवली आणि म्हणाल्या, "सर, या दोरीच्या बरोबर मध्यावर बोट ठेवा."

आबांनी खात्रीने बोट ठेवलं. ते उजव्या टोकाच्या जवळ होतं.

"म्हणजे आबांना डाव्या डोळ्याने दिसत नाही?" मनवाने विचारलं.

"डोळे चांगले आहेत त्यांचे. डोळे सगळं चित्र मेंदूकडे पाठवतात. पण त्यातल्या कशाकडे लक्ष द्यायचं ते मेंदू ठरवतो. अंधाऱ्या खोलीत आपण बॅटरी फिरवतो ना, तसं. मेंदूच्या उजव्या बाजूचा एक भाग ही बॅटरी डावीकडे फिरवतो. आबांचा नेमका तोच भाग दुखावलाय. त्यामुळे त्यांचं लक्ष डावीकडे जातच नाही. विचार, आठवणी, भाषा, सगळं शाबूत आहे."

"पण अर्धं जग नाहीसं झालेलं त्यांना समजत कसं नाही?" मामाने विचारलं.

डॉक्टर मनवाकडे वळल्या. "तुझ्या डोक्याच्या मागे आत्ता तुला काय दिसतंय?"

मनवाने विचार केला. "काहीच नाही."

"काळोख दिसतो?"

"नाही. तिथे काही दिसायला हवं असं वाटतच नाही."

"आबांना डावीकडे तसंच वाटतं. त्यांच्या दृष्टीने काहीच हरवलेलं नाही."

मग डॉक्टरांनी कीबोर्ड आबांच्या बराच उजवीकडे सरकवला आणि त्याच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. "सर, लाल रंग दिसेपर्यंत डावीकडे मान वळवत राहायचं. दिसला की थांबायचं."

आबांनी मान वळवली. थांबले. आणखी थोडी वळवली. लाल पट्टी दिसताच त्यांच्या भुवया वर गेल्या. बोट सावकाश त्या बाजूला गेलं आणि कितीतरी वेळ एकेका कळेवर टेकत राहिलं. भिंतीवर एक शब्द उमटला : 'नाही'.

मामाने मान खाली घातली.

आबा थांबले नाहीत. 'मनवा', त्यांनी लिहिलं. मग दम घेऊन एक लांबलचक वाक्य लिहिलं : 'मला वाटलं तुम्ही काटकसर करून मला अर्धाच कीबोर्ड दिलात'.

आई हसता हसता रडायला लागली. मामाने आबांचा लुळा हात आपल्या हातात घेतला, मग लक्षात येऊन तो उजव्या बाजूला आला आणि म्हणाला, "चुकलो, आबा."

पुढचे काही महिने मेहनतीचे गेले. डॉक्टरांनी आबांना प्रिझमचा चष्मा दिला (प्रिझम म्हणजे प्रकाशाला वळवणारी काचेची तिरकी वडी). त्यातून समोरचं सगळं थोडं उजवीकडे सरकलेलं दिसे. तो लावून आबा रोज समोरच्या ठिपक्यांवर बोट टेकवायचा सराव करत. आधी नेम चुके. मग हात हळूहळू डावीकडे जायला शिके आणि चष्मा काढल्यावरही काही वेळ लक्ष डावीकडे वळत राही. मनवाने दगडूलाही एक नवं काम शिकवलं. त्याने आबांच्या डावीकडून हाक मारायची, आबांनी बघेपर्यंत थांबायचं आणि दर आठवड्याला थोडं आणखी डावीकडे सरकायचं. काही दिवस बरे जात, काही दिवस आबा पुन्हा दारावर डावा खांदा आपटून घेत. पण आवाज परत आला आणि काठी घेऊन ते चालायलाही लागले.

वैशाखातल्या एका सकाळी मनवा त्यांना फाटकापर्यंत घेऊन गेली. ती मुद्दाम त्यांच्या डावीकडून चालत होती. अचानक आबा थांबले. कोणी न सांगता त्यांनी डावीकडे मान वळवली आणि वर बघत राहिले. बहावा पिवळ्याधमक घोसांनी लगडला होता.

"हे झाड कधीपासून फुललंय?" आबांनी खरखरत्या आवाजात विचारलं.

"महिना झाला, आबा. तुम्हीच लावलंय ना हे. माझ्या जन्माच्या वेळी."

"असं? मग महिनाभर मी याच्याखालून जातोय तरी कसा?" आबा पुटपुटले.

मनवा हसली. मग तिच्या मनात आलं, मीसुद्धा अशी कशाकशाच्या खालून रोज जात असेन? तिने मान वळवली, आणखी वळवली, पार मागे वळून पाहिलं. आबाही तिच्यासोबत सावकाश वळले.