आठवा हेडफोन

आठवा हेडफोन आला तेव्हा अल्फियाने खोकं लगेच उघडलंसुद्धा नाही. आधीचे सात नानांनी नापास केले होते आणि दर वेळी त्यांचं मत लिहून घ्यायचं काम तिच्याच गळ्यात पडलं होतं. मे महिन्याची सुट्टी, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि घरात हे. मतसुद्धा सातही वेळा तेच: "तंबोरा मेल्यासारखा वाजतो. जवारी बंद आहे. नापास." सहाव्या वेळी तर तिने नानांनी तोंड उघडायच्या आधीच लिहून टाकलं होतं.

नाना म्हणजे तिच्या आईचे वडील, नूरुद्दीन. मिरजेत जी थोडी घरं अजूनही हाताने तंबोरे घडवत होती, त्यांत जवारी काढावी ती नूरुद्दीननीच, असं गाणारे सांगत. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात, तिला घोडी म्हणतात. ती घोडी कानशीने केसभर घासायची, मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवायचा. दोरा नेमक्या जागी आला की नुसती टणटण करणारी तार मोहोळासारखी गुंजायला लागते. हे गुंजन म्हणजे जवारी. ती जागा दाखवणारी खूण नसते आणि मोजपट्टीही नसते. नाना डोळे मिटून ऐकत आणि जागा सापडली की उजव्या हाताचं बोट वर करत. ते बोट वर गेलं की तंबोरा झाला, मग त्यावर कुणी वाद घालत नसे.

म्हणून तर पुण्याच्या एका कंपनीने आपल्या सर्वांत महागड्या बिनतारी हेडफोनसाठी नानांना परीक्षक नेमलं होतं. नानांचं बोट वर गेल्याशिवाय हेडफोन बाजारात आणायचा नाही, असं कंपनीच्या साहेबांनी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं आणि आता ते त्यांच्याच अंगाशी आलं होतं.

आठव्या खोक्याबरोबर एक पाहुणाही आला. छातीइतक्या उंचीचा, तीन चाकांचा यंत्रमानव. त्याला डोळे दोन ठिपक्यांएवढे, पण कान मात्र अगदी माणसासारखे, पाळीपासून भोकापर्यंत, मऊ रबराचे. कानांच्या आत, जिथे आपला पडदा असतो तिथे, बारीक ध्वनिग्राहक (आवाजाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारं साधन) बसवलेले होते. त्याचं नाव कानसेन. सोबतच्या पत्रात अभियंत्यांनी कळवलं होतं की सात वेळा बदल करून त्यांनी हात टेकले आहेत, तेव्हा कृपया या वेळी कानसेनलाही सोबत ऐकू द्यावं.

नानांनी पाहुण्याकडे पाहून नाक मुरडलं, पण नाही म्हटलं नाही. एकच तंबोरा, एकच ध्वनिमुद्रण, एकच हेडफोन. आधी नानांनी ऐकलं आणि मान हलवली. नेहमीचंच. मग हेडफोन कानसेनच्या रबरी कानांवर चढवला. त्याने शांतपणे सांगितलं की खालच्या सुरांपासून अगदी वरच्या सुरांपर्यंत सगळं हजर आहे, उलट वरचे सूर जरा जास्तच आहेत. शेवटी अल्फियाने घातला आणि मिनिटभरात काढून ठेवला. तिला तो आवाज कानात सुयांसारखा टोचत होता.

एकाला मेलेला, एकाला जरा जास्त जिवंत, एकीला टोचणारा. मग खोटं कोण बोलत होतं?

"यंत्राला काय कळतंय," नाना म्हणाले आणि खाटेवर जाऊन आडवे झाले. हल्ली ते रोजच असे आडवे व्हायचे. पूर्वी दिवसाला दोन तंबोऱ्यांची जवारी काढून संध्याकाळी बाजारात चक्कर मारणारा माणूस आता अर्धा तास ऐकलं की गळून जायचा, कपाळ चोळत बसायचा. घरचे म्हणत, वय झालं. अल्फियालाही तसंच वाटायचं. नानांचा शीण बघून बघून तीही शिणली होती.

कानसेनने मात्र आवाज खाली आणून तिला विचारलं, की नाना ऐकल्यावरच दमतात की कानस चालवल्यावरही? अल्फिया विचार करून म्हणाली, ऐकल्यावरच. मग त्याने तिला समजावायला सुरुवात केली.

आवाज म्हणजे हवेची थरथर. तंबोऱ्याची सा लावलेली एखादी तार सेकंदाला साधारण दीडशे वेळा थरथरते. ही झाली तिची वारंवारता (एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या). पण तार एवढ्यावर थांबत नाही. त्याच वेळी ती तीनशे, साडेचारशे, सहाशे अशा पटींनीही थरथरत असते, पार हजारांच्या घरात जाईपर्यंत. गाणारी माणसं यांना स्वयंभू स्वर म्हणतात, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारे. दोरा नेमक्या जागी आला की तार घोडीला हलकेच घासत राहते आणि हे वरचे स्वर बळ धरतात. जवारी म्हणजे दुसरं काही नाही, हीच वरची मंडळी.

"आता कानाकडे ये," कानसेन म्हणाला. कानाच्या अगदी आत गोगलगाईच्या शंखासारखी एक गुंडाळलेली नळी असते, तिला कर्णावर्त म्हणतात. तिच्यात हजारो केशपेशी (डोक्यावर बारीक केसांचे झुपके असलेल्या पेशी) ओळीने बसलेल्या असतात. ज्या पेशी नळीच्या दाराजवळ बसतात त्यांच्याकडे उंच स्वर, ज्या आत खोलवर बसतात त्यांच्याकडे खालचे स्वर. घरात दाराजवळचं पायपुसणं आधी विरतं आणि आतली सतरंजी टिकते, तसं काहीसं इथेही होतं. वय वाढलं, किंवा गोंगाटात फार वर्षं काम केलं, की दाराजवळच्या पेशी आधी मरतात. एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा येत नाहीत.

"आणि दमणूक?"

"कानाकडून अर्धवट निरोप आला की उरलेला मेंदूला भरून काढावा लागतो. अर्धं पुसलेलं पत्र दिवसभर वाचत बसलीस तर तूही दमशील."

अल्फियाने दप्तर जवळ ओढलं. त्यात एक पत्र होतं, आणि ते पुसलेलं मुळीच नव्हतं. नानांनी हिवाळ्यात केलेला तंबोरा परत पाठवत धारवाडच्या एका गायिकेने लिहिलं होतं, की जवारी फार उघडी झाली आहे, पत्र्यासारखी वाजते. त्याआधी सोलापूरहूनही असंच एक पत्र आलं होतं. ते वाचून दाखवलं तेव्हा नाना म्हणाले होते, गाणाऱ्याचाच कान बिघडलाय. म्हणून धारवाडचं पत्र तिने दाखवलंच नाही. नानांचे थोरले भाऊ कान गेल्यावर कानस खाली ठेवून उंबऱ्यावर बसले ते पुन्हा उठलेच नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. नाना स्वतःच म्हणायचे, कान गेला की जवारीवाला संपला. आता सगळं तिला लख्ख कळत होतं. नाना स्वतःच्या कानाला बरं वाटेपर्यंत जवारी उघडत होते आणि ती जगाच्या कानाला टोचत होती. हेडफोनचंही तेच झालं होतं. त्यांच्या तक्रारीवरून अभियंते दर वेळी वरचे स्वर वाढवत गेले होते.

तिने कानसेनला विनवलं की नानांना काही सांगू नकोस. तो म्हणाला, "मला खोटं मोजता येत नाही. पण न विचारलेलं सांगायची मला घाई नाही."

"मी विचारतोय," खाटेवरून आवाज आला. नाना उठून बसले होते. "एवढं जवळून बोलता तुम्ही, तेवढं तरी मला ऐकू येतं. पाव्हण्या, मोज."

मोजणं साधंच होतं. कानसेन एकेक शुद्ध स्वर वाजवणार, खालून वर चढत. तो ऐकू आला की नानांनी बोट वर करायचं. अल्फियाही शेजारी तेच ऐकत बसली. नानांनी जवारी काढताना मिटायचे तसेच डोळे मिटले. अडीचशे, बोट वर. पाचशे, वर. हजार, वर. दोन हजारांना बोट जरा उशिरा गेलं. तीन हजारांना आवाज वाढवावा लागला. मग चार हजारांचा स्वर लागला. अल्फियाच्या कानात तो स्वच्छ वाजत होता. नानांचा हात गुडघ्यावर तसाच होता.

नाना वाट पाहत राहिले. थोड्या वेळाने डोळे न उघडताच म्हणाले, "चालू कर ना पुढचा."

 शेवटी अल्फियाच म्हणाली, "लागलाय, नाना. मघापासून लागलाय."

नानांनी डोळे उघडले आणि आधी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं.  अल्फियाने दप्तरातून धारवाडचं पत्र काढून त्यांच्या हातात दिलं, कारण आता ते लपवण्यात काही अर्थ उरला नव्हता. त्यांनी ते दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा इतका थकलेला तिने कधी पाहिला नव्हता. तिला रडू आलं आणि ती रडली.

कानसेनने मध्येच सांत्वन वगैरे केलं नाही. त्याने नानांच्या कानाचा आलेख (कोणता स्वर किती मोठा असेल तर ऐकू येतो, याचा नकाशा) आठव्या हेडफोनमध्ये भरला. आता तो हेडफोन बाहेरचे आवाज आत घेईल आणि नानांना जे स्वर कमी पडतात तेवढेच, कानाला इजा होणार नाही इतपत, उचलून देईल. ज्या पेशी पूर्ण मेल्या आहेत तिथे काही उपयोग नाही, हेही त्याने सांगून टाकलं. पण अशक्त झालेल्या पुष्कळ आहेत, त्यांना जरा मोठ्याने हाक मारली की त्या उठतात.

नानांनी तो घातला आणि कोपऱ्यातला गेल्या महिन्यात केलेला तंबोरा मांडीवर घेतला. एकच तार छेडली. लगेच पंजा ठेवून ती गप्प केली.

"हे मी केलं?"

"हो," अल्फिया म्हणाली.

त्यांनी पुन्हा छेडली, या वेळी शेवटपर्यंत ऐकली. मग कानस घेतली. बराच वेळ खोलीत फक्त घोडी घासल्याचा आवाज होता. हाडाची पांढरी भुकटी त्यांच्या लुंगीवर पडत होती. मध्येच त्यांनी विचारलं की या मेलेल्या पेशींवर जगात कुणाकडेच औषध नाही का. कानसेन म्हणाला, गंमत अशी की कोंबडीच्या कानातल्या केशपेशी मेल्या तर पुन्हा उगवतात. माणसाच्या का उगवत नाहीत, त्या पुन्हा उगवून आणता येतील का, यावर शास्त्रज्ञ काम करताहेत. कधी जमेल ते सांगता येत नाही, पण ते थांबलेले नाहीत.

"म्हणजे इतकी वर्षं कोंबडीला जवारी शिकवायला हवी होती," नाना म्हणाले. अल्फियाला रडता रडता हसू आलं.

घासून झाल्यावर त्यांनी तिला समोर बसवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि दोरा घोडीवरून इंच इंच नाही, अगदी सुतासुताने सरकवायला लागले. तार टणटणली, मग भरली, मग एका जागी खोलीभर ते मोहोळ उठलं. अल्फियाचं बोट आपसूक वर गेलं. डोळे उघडले तर नानांचं बोट अजून खालीच होतं आणि दोरा ते सरकवतच होते. म्हणजे त्यांची जागा अजून किंचित पुढे होती. त्यांनी तिच्या बोटाकडे पाहिलं, हेडफोन डोक्यावरून काढून ठेवला आणि दोरा मागे, तिच्या जागी आणून सोडला.

"धारवाडला आणि सोलापूरला लिही, दोन्ही तंबोरे दुरुस्त करून देतो म्हणावं," ते म्हणाले. "आणि कंपनीला लिही. हेडफोन पास, फक्त माझ्यापायी वाढवलेले वरचे स्वर पुन्हा उतरवा. परीक्षक बदलावा."

अल्फियाने पहिली दोन वाक्यं लिहिली. तिसऱ्यापाशी ती थांबली आणि कागद नानांकडे सरकवून म्हणाली, "परीक्षक एक होता, आता दोन आहेत, असं लिहू?"

 नानांनी दुसरा तंबोरा मांडीवर घेतला आणि तिला डोळे मिटायची खूण केली.