काकांची संमती

ही गोष्ट खरी आहे. कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा, मीही हसलो असतो. पण जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावसबहीण. बँकेत कर्जाचे कागद तपासते. कुणी सहज काही सांगितलं आणि हिने विश्वास ठेवला, असं आजवर झालेलं नाही.

आणि हे रात्री-अपरात्री घडलेलं नाही. भर दुपारी घडलं. तिसऱ्या मजल्यावरच्या, लख्ख उजेडाच्या घरात.

तिला आम्ही सगळे ताईच म्हणतो. घर तिच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या काकांचं. मावशी आधीच गेलेली. काकांचं सगळं आजारपण तिने एकटीने काढलं. दोन भाऊ परगावी. थोरला अधूनमधून फोन करायचा, धाकटा तेवढंही नाही. औषधं, अंघोळ, चादरी, सगळं हिच्याच गळ्यात.

काका म्हणायचे, "हे घर तुझंच आहे गं."

"मग तसं लिहून द्या ना, बाबा."

"देतो की. बघू."

वकीलबाई मृत्युपत्राचा मसुदा घेऊन घरी आल्या. साक्षीदार म्हणून शेजारच्या डॉक्टरांना बोलावलं. काकांनी चष्मा लावला. सगळं वाचलं. पेन हातात घेतलं... आणि खाली ठेवलं.

"घाई कशाला? अजून ठरलं नाही माझं."

पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. असं करत करत काका गेले. सही राहिली ती राहिलीच.

"तोंडी शब्दाचा काही उपयोग नाही," वकीलबाईंनी स्पष्टच सांगितलं. "मृत्युपत्र नाही, म्हणजे तिघांचा सारखा हिस्सा. भावांनी आपणहून हक्क सोडला, तरच घर तुझं."

भाऊ कशाला सोडतील? विकू आणि वाटून घेऊ, म्हणाले. त्यांचे हिस्से विकत घ्यायची ताईची ऐपत नव्हती. तिने दातओठ खात मान डोलावली. घर रिकामं केलं. आतल्या खोलीत फक्त काकांची वेताची खुर्ची उरली.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण जोडपं. ताई स्वयंपाकघरात उभी होती. ती दोघं आतली खोली बघायला गेली.

बराच वेळ आली नाहीत.

आतून बोलण्याचा आवाज येत होता... दोघांचाच असणार, असं ताईला वाटलं. दोघं बाहेर आली, अवघडल्यासारखी हसली आणि निघून गेली. संध्याकाळी एजंटचा फोन.

"ताई, आधी घरात ठरवून घ्या ना. तुमचे बाबा त्यांना म्हणाले, माझं अजून ठरलं नाही."

ताईचं डोकंच फिरलं. कुणीतरी चेष्टा करतंय, नाहीतर भाव पाडायचा डाव आहे. तिने एजंटला फैलावर घेतलं.

दुसरं गिऱ्हाईक स्वतःचा वकील घेऊनच आलं. हा वकील चांगला मुरलेला माणूस. त्याने भिंती ठोकून पाहिल्या, आतल्या खोलीत चक्कर मारली. आठवड्याने वकीलबाईंच्या ऑफिसात सगळे बसले, तेव्हा त्याने फाइल मिटली.

"तिन्ही वारस सही करताहेत, ठीक आहे. पण ताबा रिकामा हवा. घरात ते वयस्कर गृहस्थ राहतात, त्यांची संमती कुठे आहे?"

"कोण गृहस्थ?"

"वेताच्या खुर्चीतले. मी विचारलं त्यांना, विकायला हरकत नाही ना? तर म्हणाले, बघू."

वकीलबाईंनी ताईकडे पाहिलं. ताईला भीतीपेक्षा संतापच जास्त आला होता. जिवंतपणी टांगून ठेवलं, आता मेल्यावरही?

हा सौदाही गेला.

मग धाकटा आला. "तुला एकही गिऱ्हाईक सांभाळता येत नाही," म्हणून तणतणत चावी घेऊन गेला. तासाभरात ताईच्या दारात हजर. चेहरा पांढराफटक.

"ताई... बाबा आहेत तिथे."

"पाहिलेस?"

"पाठमोरे. खोकले. तोच खोकला गं." त्याने चावी तिच्या हातात कोंबली. "तू पाहिलंस ना त्यांना?"

ताईने पाहिलं नव्हतं.

एकदाही नाही. सावली नाही, खोकला नाही, काहीच नाही. परक्यांना दिसतात. एजंटच्या गिऱ्हाइकांशी बोलतात. फोनही न करणाऱ्या लेकाला दिसतात. आणि जिने रात्रीच्या रात्री जागून उशा-पायथ्याशी काढल्या, तिला नाही?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच गेली. खुर्चीसमोर फरशीवर बसली आणि इतक्या वर्षांचं सगळं बोलून मोकळी झाली.

"बाबा, मला घर नको. पण एकदा माझ्याशी बोला. विकू, की नको? नाही म्हणा, चालेल. पण काहीतरी म्हणा ना!"

नळ ठिबकत नव्हता. पंखा बंद होता. खालच्या रस्त्यावरची वाहनंसुद्धा ऐकू येईनात...

काहीच नाही.

ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं. ताई रडली, चिडली, खुर्चीला लाथ मारली. मग उठून डोळे पुसले, कुलूप घातलं आणि खाली उतरली.

समोरच शिवणकामाचं दुकान आहे. बाई गल्लीत नवीन, कुणाला फारशी ओळखत नाही. तिने मशीन थांबवून हाक मारली.

"अहो, वर बघा तरी! आजोबा केव्हाचे खिडकीतून हात करताहेत तुम्हाला."

ताई गर्रकन वळली.

खिडकी रिकामी होती.

"कसा हात करत होते?" तिने विचारलं. "ये म्हणून, की जा म्हणून?"

बाई विचारात पडली. "तेच तर कळलं नाही बाई. एकदा असा, एकदा तसा."

घर अजून तसंच बंद आहे. भाऊ विषय काढत नाहीत. एजंट फोन उचलत नाही.

मागच्या महिन्यात मी ताईबरोबर त्या रस्त्याने जात होतो. इमारतीखाली ती थबकली. मान खालीच ठेवून म्हणाली, "मला काही दिसणार नाही. तू बघ ना जरा वर."

मी पाहिलं...

"कुणी नाही गं," मी म्हणालो, आणि तिचा हात धरून भराभर चालायला लागलो.