चढावरची मिला आणि सपाटीवरचा एल्डन

रस्त्याच्या कडेला स्वयंपाकघरातली खुर्ची मांडलेली दिसली, की पिट्सबर्गच्या बाजूच्या शेंबड्या पोरालाही समजतं — कुणीतरी कंबर मोडेस्तोवर बर्फ उपसून आपल्या गाडीपुरती जागा केली आहे, तिथे दुसऱ्याने चाक टेकवायचं नाही. कायदा काहीही म्हणो. खुर्ची म्हणजे खुर्ची!

आणि त्याच बाजूच्या डॉरमाँटच्या चढावर राहणारी मिला हुदाक बेकरीतलं काम आटोपून परतली, तर तिने उपसलेल्या जागेत एक निळी गाडी ऐटीत उभी. पाटी शेजारच्या राज्याची, ओहायोची. खुर्ची? ती घराच्या पायरीवर, बर्फ झटकून, भिंतीला नीट टेकवलेली.

गाडीपाशी एक उंच तरुण खिशात हातमोजे चाचपत होता.

"अहो पाहुणे! खुर्ची कोणी हलवली?"

"मी," तो खुशीत म्हणाला. "रस्त्यात पडली होती. कुणीतरी धडकेल म्हणून वर ठेवली. तुमची का?"

मिलाच्या ओठांवर शिव्यांची लाखोली तयार होती... पण हा बाबा तर आभारांची वाट बघत उभा! तिला हसू फुटलं. हसू फुटलं म्हणून आणखीच राग आला.

"ओहायोत बर्फ पडत नाही वाटतं?"

"पडतो की. पण आमच्या अंगणात चार गाड्या मावतात. रस्त्यावर लावतो कोण?"

"मिजास बघा मेल्याची!"

चूक कळल्यावर त्याने गाडी खालच्या गल्लीत नेऊन लावली आणि धापा टाकत पुन्हा वर आला, माफी मागायला. नाव एल्डन. गाव बोर्डमन, सव्वा तासावरचं. पुलांच्या तपासणीसाठी इकडे आलेला. थंडीने त्याचे गाल लालबुंद झाले होते. मिलाने ते पाहिलेच नाहीत, असं ती शपथेवर सांगते.

बर्फ वितळला, तसं 'अहो'चं 'अरे' झालं. रविवारी ती त्याला गाडीत बसवून आपल्याकडचे रिवाज शिकवायची.

"सिग्नल हिरवा झाला, की समोरून, आपल्याला आडवं येत डावीकडे वळणाऱ्या पहिल्याला आधी जाऊ द्यायचं."

"कुठे लिहिलंय हे?"

"तुमच्याकडे माणुसकीसुद्धा लिहून ठेवावी लागते?"

चढावर त्याची गाडी मागे घसरली, की ती खिदळायची. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

"अगं, पण तुमचं अंगण खरंच वाकडं आहे!"

मग एकदा तो तिला बोर्डमनला घेऊन गेला. फूटपट्टीने आखल्यासारखे रस्ते, दुकानांपुढे शेताएवढं पार्किंग. "इथे ड्रायव्हर कशाला हवा?" मिलाने नाक मुरडलं. "एक्सिलरेटरवर वीट ठेवली तरी गाडी घरी पोचेल." पण संध्याकाळी मक्यामागे सूर्य टेकला, आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत केशरी झालं... आणि मिला मान वर करून बघतच राहिली.

"काय गं?"

"काही नाही... आभाळ बरंय तुमचं."

परतीच्या वाटेवर तो गाडी चालवताना एकटाच हसत होता.

शरदात मात्र त्याला त्याच्या कंपनीचं बोलावणं आलं — बोर्डमनला परत या, मोठा हुद्दा देतो.

"उद्या उत्तर द्यायचंय," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "राहायचं म्हटलं, तर इथेही काम आहे. तू... काय म्हणतेस?"

'थांब.' एवढा एकच शब्द. पण तो म्हणणं म्हणजे विनवणी. हुदाकांच्या बायका कुणापुढे पदर पसरत नाहीत.

"तुझं आयुष्य, तुझा रस्ता," ती म्हणाली. त्याचा चेहरा उतरला.

त्याच दुपारी मिलाच्या वडिलांनी, स्टेफान हुदाकांनी, त्याला जेवायला बोलावलं होतं. लोण्यात परतलेल्या गरम पिरोगी, बटाटा भरलेल्या करंज्याच जणू, ताटात पडल्या, बोर्डमनच्या बोलावण्याची गोष्ट निघाली आणि म्हाताऱ्याची जीभ सुटली.

"जा बाबा, जा. तुझ्या ओहायोची माणसं वेगाच्या डाव्या लेनमध्ये गाडी घालतात आणि तिथेच झोपतात! सपाट जमीन, सपाट डोकी."

एल्डन कसनुसं हसला. मान खाली घालून पिरोगी चिवडत राहिला. ती खाली गेलेली मान मिलाला बघवेना.

तिने काटा आपटला. "बाबा, पुरे! ज्या पुलावरून तुम्ही रोज गाडी हाकता ना, तो याच सपाट डोक्याच्या भरवशावर उभा आहे. आणि ओहायोला नावं ठेवायचा हक्क या घरात फक्त माझा!"

"तुझा?" म्हाताऱ्याने भुवया उंचावल्या. "तू कोण गं ओहायोची?"

मिलाचे कान तापले. पण हनुवटी वरच.

"ओहायोची कुणी नाही. याची आहे." ती एल्डनकडे वळली. "थांब, एल्डन. विनवत नाहीये... सांगतेय."

"थांबतो," तो हळूच म्हणाला. डोळ्यांत मात्र दिवाळी. "पण ओहायोचा म्हणूनच थांबेन हं. तुमच्यातला होणार नाही."

"तर! बाटगा हवाय कुणाला?" तिने पिरोगींचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं. "आता मान वर कर आणि जेव. हुदाकांच्या टेबलावर बसलायस."