गुडघ्याला लागू पडलेलं ग्रीस

ग्रंथपालांची मोटरसायकल कॉलेजच्या फाटकात बंद पडली नव्हती, हे आधी स्पष्ट केलं पाहिजे. इंजिन चालू होतं, गिअर पडलेला होता, क्लच सोडलेला होता. फक्त गाडी पुढे जात नव्हती. पुढे नुसती गर्जना आणि मागे चाक ढिम्म, ही अवस्था ग्रंथपालांना संस्थेच्या कार्यकारिणीमुळे चांगली ओळखीची होती, त्यामुळे ते गडबडले नाहीत. उतरले आणि ढकलत निघाले.

बायको दारातच उभी होती.

“पुन्हा ढकलत?”

“व्यायाम होतो.”

“हे शेवटचं. पुढच्या वेळी ढकलायची वेळ आली तर सरळ भंगारवाल्याकडे न्या. तो कॉलेजला जवळ पडतो. ‘ती नाहीतर मी’ असं मी म्हणत नाही, कारण तुम्ही विचार करायला वेळ मागाल.”

ग्रंथपालांनी गाडी स्टँडवर लावली. नोकरी लागली त्या वर्षी घेतलेली गाडी. ती गेली की आपण म्हणजे नुसतं टक्कल आणि चष्मा उरणार, याची त्यांना मनातून खात्री होती.

मिस्त्रीने इंजिनापासून गिअरबॉक्स सोडवला आणि आतला शाफ्ट दाखवला. शाफ्टवर उभे दाते असतात. क्लचची प्लेट त्यांच्यावर बसते आणि इंजिनाचा जोर पुढे पोचवते. हे दाते उंदराने कुरतडल्यासारखे झाले होते.

“प्लेट कुठली घातली होती?”

“बाहेरची. ओरिजिनल आता मिळतच नाही.”

“बाहेरच्या पार्टला माझी ना नाही. पण त्याचं लोखंड कडक आणि आपला शाफ्ट म्हातारा. झिजणारच बिचारा. प्लेट अगदी सरळ बसवायची. दरवर्षी उघडून दात्यांना ग्रीस लावायचं, तेही काजळाइतकं. जास्त झालं की उडून प्लेटवर जातं आणि क्लच घसरतो. आणि सिग्नलला क्लचची लिव्हर दाबून उभं राहायचं नाही साहेब, गाडी न्यूट्रल करायची.”

“आता नवा शाफ्ट?”

“मिळाला तर मलाही एक आणा. हाच साफ करून बसवतो. चालेल थोडे दिवस.”

“आणि मग?”

“मग तुम्ही ढकला.”

चांगलं ग्रीस ग्रंथपालांनी भाच्याकरवी मागवून ठेवलं होतं. काळी, बिननावाची डबी. मोटरसायकलची कुठलीही वस्तू डोळ्यांसमोर नको, असा घरात हुकूम असल्याने ती औषधांच्या कपाटात होती. ती आणायला ग्रंथपाल घरी गेले तेव्हा आई पलंगावर बसून तीच डबी उघडून गुडघ्याला चोळत होती. मागच्या वर्षी तिचा उजवा गुडघा बदलला होता.

“कसलं मलम आहे रे हे? एका बोटात कळ गेली.”

“आई, ते मोटरसायकलचं आहे.”

“असू दे. गुडघा तरी कुठे माझा आहे? तोही बाहेरचाच.”

डबीत तिच्या बोटाची खोल खाच पडली होती. मिस्त्रीने त्याच खाचेतून ग्रीस उचललं आणि दात्यांना लावलं. उरलेली डबी पुन्हा कपाटात गेली, आणि आईने तिचा पिच्छा सोडला नाही.

गाडी अशी काही चालू लागली, की मिस्त्रीलाच राहवेना. काही आठवड्यांनी त्याने आपणहून ती उघडली. आत बघितलं आणि बराच वेळ चिंधीला हात पुसत बसला.

दाते कोरे करकरीत होते. धारेवरून बोट फिरवलं तर कापेल इतके.

“दुसऱ्याकडून शाफ्ट बदलून घेतलात.”

“आईशपथ नाही.”

“बोल्टांना मी पिवळा रंग लावून ठेवतो. तोही मोडलेला नाही. म्हणजे तुमचा तो माणूस हुशार आहे.” आवाज दुखावलेल्या नवऱ्याचा होता. त्या दिवशी चहाही विचारला नाही.

आईचा पाय मात्र त्याच सुमारास खटखट वाजू लागला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, उलटा करून धरला, नाव पुन्हा वाचलं.

“रोज किती चालता आजी?”

“पलंगापासून खुर्चीपर्यंत. आणि परत.”

“ही झीज हजारो किलोमीटरची आहे,” डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच हसले. बाकी कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपालांनी अंगणात गाडी चालू केली. आई व्हरांड्यातून चालली होती. त्यांनी क्लच दाबला.

आई थांबली. उजवा पाय उचललेला, तसाच हवेत.

“काय झालं?”

“काही नाही. पाय कुणीतरी सोडून दिल्यासारखा वाटला.”

त्यांनी लिव्हर हळूहळू सोडली. पाय हळूहळू खाली आला. ग्रंथपाल विज्ञानाचे पदवीधर होते, त्यांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला. नंतर मात्र गाडी बंद केली, आणि त्यांना कितीतरी वेळ तिच्यावरून उतरता आलं नाही.

“गाडी विकतोय,” ते आत जाऊन म्हणाले.

बायकोने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

रविवारी गिऱ्हाईक आलं. लग्नाचे फोटो काढणारा, जुन्या गाड्यांचा शौकीन. टाकीवरून हात फिरवताना त्याचे डोळे भरून आले, आणि ग्रंथपालांनी तोंड फिरवलं. एकदा ही दूर गेली, की आईचा पाय आईचा होईल. तेवढ्यासाठी टक्कल आणि चष्मा उरला तरी चालेल.

“एक चक्कर मारून बघू?”

“मारा. लांबची मारा.”

गाडी कोपऱ्यावरून वळली.

आई खुर्चीतून उठली. काठी न घेता.

“कुठे निघालीस?”

“मला काय विचारतोस?” आई म्हणाली.

फाटक उघडून ती रस्त्याला लागली. गाडी गेली होती त्याच दिशेला, झपझप, या वयाला न शोभणाऱ्या वेगाने. ग्रंथपाल मागे धावले.

थोड्या अंतरावर ती थांबली. उजवा पाय अधांतरी.

चौकात सिग्नल लागला असणार. न्यूट्रलचं त्या माणसाला कुणीच सांगितलं नव्हतं.

ग्रंथपालांनी आईचा दंड धरला. दंडात बारीक, एकसारखी थरथर होती. ती त्यांच्या चांगल्या ओळखीची होती.

“घट्ट धर रे मला,” आई हळूच म्हणाली.

तेवढ्यात दूर चौकात सिग्नल सुटला.