दर वेळी पहिल्यांदाच

"पण आम्ही इथं पहिल्यांदाच आलोय, हे कशावरून?"

निशिगंधा तायडेनं हा प्रश्न इतक्या खणखणीत आवाजात विचारला, की काचेपलीकडची करड्या कोटातली बाई चहाचा कप ओठांशी नेता नेता थांबली. प्रश्न मुळात निशीचा नव्हताच. अकोल्याहून निघायच्या आदल्या दिवशी अल्फिया आणि मुग्धा या मैत्रिणींनी पैज लावली होती: तिथं गेल्यावर, सगळ्यांदेखत, हे विचारून दाखव. वर्षापूर्वीची निशी असती तर पैज ऐकूनच तिनं कानांवर हात ठेवले असते. दुकानदाराकडे उरलेले सुट्टेसुद्धा न मागताच ती घरी परत यायची. पण या वर्षात पोरीला काय झालं होतं कोण जाणे! वर्गात सगळ्यात आधी हात वर, वक्तृत्व स्पर्धेत नाव, बसमध्ये मध्येच घुसणाऱ्या काकांना "रांग तिकडून आहे, काका" असं वर सुनावणं. हा धीटपणा आला कुठून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आला होता खरा, आणि नव्या कपड्यांसारखा तो सारखा घालून मिरवावासा वाटत होता.

"निशे, काय बाई हे!" आई, म्हणजे सुषमाबाई, दबक्या आवाजात म्हणाल्या. "आपली तोंडं बघूनच कळतं, आपण नवखे आहोत ते."

"आज आवाज छान लागलाय तुझा," कोटातली बाई हसून म्हणाली. छातीवरच्या पट्टीवर 'मंजिरी घोडके, स्मृतिशास्त्रज्ञ' असं लिहिलेलं होतं. "आणि उत्तर सोपं आहे. तुम्हाला ते कळणारच नाही. आमचा सगळा व्यवसाय त्यावरच उभा आहे."

चिखलदऱ्याच्या पठारावर, दरीच्या तोंडाशी 'पुनश्च' नावाचा हा सुटका-कक्ष होता. आत कोंडून घ्यायचं, कोडी सोडवायची आणि तासाभरात बाहेर पडायचं. दारावर पाटी होती: दर वेळी पहिल्यांदाच. दसऱ्याच्या सुट्टीतलं धुकं काचांना चिकटून बसलं होतं. विनाचालक बस घाट चढत असताना बाबा सारखे म्हणत होते, "आज तरी उघडं असू दे." गेल्या नाताळात आले तेव्हा बंद होतं, उन्हाळ्यात आले तेव्हाही बंद. मुग्धा तर म्हणालीच होती, "तुझा पायगुणच तसा!"

प्रमोदराव तायड्यांचं अकोल्यात चष्म्यांचं दुकान होतं. डोळ्यांशी संबंधित काहीही असलं की त्यांची जीभ सैल सुटायची, पण आज ते हात खिशात घालून उभे होते. तरी त्यांनी विचारलंच, "पुसता म्हणजे नेमकं काय करता?"

"कोडं एकदा सुटलं की मेलं," मंजिरीबाई म्हणाल्या. "पुन्हा आलात तर मजा नाही. म्हणून शेवटी आम्ही विचारतो, हे विसरायचंय का? दिवसभरात जे घडतं ते मेंदू आधी कच्चं मांडून ठेवतो आणि मग झोपेत पक्कं करतो. पक्कं व्हायच्या आत आमचा विस्मरण-टोप त्या कच्च्या खुणा पुसून टाकतो. या दारात पाय टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंतचं सगळं जातं."

"मग मधली जागा रिकामी राहत असेल."

"मनाला रिकामी जागा सोसत नाही हो. टोपाच्या गुंगीतून तुम्ही जागे होत असता तेव्हा आम्ही कानात एक साधं वाक्य सांगतो. त्याच्याभोवतीचं बाकी सगळं तुमचं मनच रचतं, आणि ते इतकं खरं वाटतं की तुम्ही त्यावर शपथ घ्याल."

"कोणतं वाक्य?" निशीनं लगेच विचारलं.

"ते सांगितलं तर टोपाचा उपयोग काय?"

"आणि मला विसरायचं नसलं तर?"

"सक्ती नाही. पण विसरायचं तर सगळ्या गटानं. एकानं नाही म्हटलं तरी कुणाचंच पुसत नाही. नाहीतर ज्याला आठवतंय तो बाकीच्यांना सांगितल्यावाचून राहणार आहे का?"

"म्हणजे विसरलं की सगळं साफ?"

मंजिरीबाईंनी कप खाली ठेवला. "सगळं नाही. प्रसंग पुसला जातो, सवय नाही. पोहायला शिकलीस तो दिवस विसरलीस, तरी पाण्यात पडल्यावर हात चालतातच ना? त्या खुणा मेंदूत दुसरीकडे असतात, तिथवर टोप पोचत नाही. मनावरचा वळही राहतो. माणूस घाबरला असेल तर भीती राहते, कशाला घाबरला होता तेवढं जातं."

"म्हणजे तुझ्या आईसारखं," प्रमोदराव निशीला म्हणाले. "दूध उतू गेलं तरी रडायला येतं तिला हल्ली."

"असू दे," आई म्हणाली. "तुम्ही तरी कुठं हसता हल्ली?"

आत एक अवकाशयान होतं. म्हणजे तसं वाटावं अशी गोल भिंतींची खोली, लुकलुकणारे दिवे, आणि छताला एक घड्याळ. यानात तासाभराचाच प्राणवायू उरलाय, असं एक घोगरा आवाज सांगून गेला आणि मागचं दार खटकन बंद झालं.

"आधी सूचना वाचायच्या. सगळ्या," आई म्हणाली. ती शाळेत शिक्षिका होती. कोंडून घेतल्यावरही तिच्या हातून प्रश्नपत्रिका सुटेना. "या तक्त्यावरच्या ताऱ्यांचे रंग बघा, त्यावरून या पाच खुंट्या..."

खट्. पाचही खुंट्या फिरल्या होत्या आणि कपाट उघडलं होतं. निशी स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली.

"काहून गं, तक्ता तर वाचलाच नाहीस!"

"जन्मजात हुशारी!" निशीनं मान उडवली. "तायड्यांच्या घरात एक तरी हवं ना."

"ही हुशारी गणितात कुठं जाते बापा?" बाबा म्हणाले आणि तिघंही हसले. खूप दिवसांनी हसले. निशीला वाटलं, हे असंच राहावं, घड्याळानं वाटल्यास इथंच बंद पडावं. ती वाकली, टेबलाखाली हात घातला, एक फळी सरकवली. आतून किल्ली निघाली. फळी सरकते हे तिला कुणी सांगितलं होतं? तिनं विचार झटकून टाकला. अल्फियाला सांगायला भारी होतं हे. मेंदूच्या आधी हात!

शेवटच्या दाराशी एक वाकडीतिकडी तार होती. तारेत एक कडी. कडी तारेला न लावता या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची. वर लिहिलं होतं: 'ज्याचा हात सर्वांत स्थिर, त्याचं काम.'

"हे तुमचं," आई बाबांना म्हणाली. "डोळ्याला दिसत नाहीत एवढे स्क्रू बसवता तुम्ही."

"निशीला करू दे."

"काही नाही. या, सरका पुढे. तुमच्यासारखा हात आख्ख्या ताजनापेठेत नाही."

बाबांनी खिशातून हात काढला आणि कडी धरली. ती अजून हललीही नव्हती, पण निशीचा तळवा बाबांच्या मनगटाखाली जाऊन थांबला होता. सावरायला. काही घडायच्या आधीच. ती तिथं का आली, तिलाच कळेना.

मग मनगट हललं. कडी तारेवर थरथरत वाजायला लागली, दिवे लाल झाले. बाबांनी दुसऱ्या हातानं तो हात धरला, तर दोन्ही हात हलायला लागले.

आईचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. असे हात तिनं पाहिले होते. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांचे हात असेच नाचायचे. मग पाय नाचायला लागले, मग जिभेला शब्द सापडेनासे झाले, आणि शेवटी त्यांना या घरातलं कुणीच ओळखू येईना.

"कधीपासून?" आईनं विचारलं.

"दीडेक वर्ष झालं. नागपूरला तपासून आलो. तेच आहे, सुषमा. बाबांचंच." प्रमोदराव यानाच्या खोट्या भिंतीला टेकून खाली बसले. "दुकानात स्क्रू तो नवा मुलगा बसवतो. मी नुसता काउंटरवर असतो."

छतावरचं घड्याळ आपलं काम करत राहिलं. निशीला जीवशास्त्रात शिकलेलं सगळं नको तेव्हा आठवलं: आजोबांकडून बाबांकडे आलं, तर बाबांकडून आपल्याकडे यायची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखी. आई तिच्याकडे बघत होती. आईनंही तोच हिशेब केला होता, हे निशीला आईच्या डोळ्यांत दिसलं.

तिनं बाबांच्या हातातून कडी घेतली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तार नीट दिसतसुद्धा नव्हती. तरी कडी एकदाही लागली नाही. वळण यायच्या आधीच तिचं मनगट वळत होतं.

दार उघडलं. "अभिनंदन!" घोगरा आवाज म्हणाला. "नवख्या गटाच्या मानानं फारच लवकर!"

बाहेरच्या खोलीत तीन आरामखुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीवर एक टोप. मंजिरीबाई भिंतीशी उभ्या होत्या. तायड्यांचे चेहरे बघून विचारायचं काही उरलंच नव्हतं.

पहिली बोलली आई. "विसरू या."

"सुषमा..."

"मार्चमध्ये दहावी आहे तिची. हे डोक्यात घेऊन ती पेपर लिहील? निदान तोवर तरी नको. सकाळी कशी उड्या मारत होती ती बसमध्ये!"

"डॉक्टर म्हणतात, औषध जितकं लवकर सुरू होईल तितकी चांगली वर्षं हाती लागतील," बाबा हळूहळू बोलत होते. "पण आधी घरी सांगा, म्हणाले, सगळे मिळून या. मला घरात तोंड उघडता येईना. म्हटलं, चिखलदऱ्याला नेऊ, सगळे मजेत असले की सांगू. नाताळात सांगणारच होतो. पण इथं बंद होतं, राहून गेलं. उन्हाळ्यात पुन्हा ठरवून आलो, तर पुन्हा बंद." त्यांनी खुर्चीवरच्या टोपावर हात ठेवला. टोप किणकिणला. "आता सांगून झालंय. पण तुमची तोंडं बघवत नाहीत मला. विसरू या. पुढच्या वेळी नीट सांगेन."

आईनं मान डोलावली. ती खुर्चीत बसलीसुद्धा. "ये निशू," तिनं शेजारच्या खुर्चीवर थोपटलं.

निशी जागची हलली नाही. पाच खुंट्या, टेबलाखालची फळी, तार, बाबांचं मनगट... तिच्या हातांना सगळं आधीच ठाऊक होतं. आणि दाराशी ती बाई म्हणाली होती, आज आवाज छान लागलाय. *आज.*

"मॅडम," ती म्हणाली, "एक विचारू? हा माझा प्रश्न आहे, मैत्रिणींचा नाही. तुमचं हे बंद कधी असतं?"

मंजिरीबाई भिंतीपासून पुढे आल्या. "कोण कधी आलं, कितीदा आलं, ते सांगायची मला परवानगी नाही."

"ते नाही विचारलं मी."

"हो. ते नाही विचारलंस." बाईंनी टोपांवरून नजर काढून घेतली. "सुरू झाल्यापासून 'पुनश्च' एक दिवसही बंद नव्हतं."

दरीतलं धुकं काचेवर सरकत होतं. आईचा थोपटणारा हात थांबला.

"ते वाक्य..." बाबांच्या तोंडून कसंबसं निघालं.

"हो," निशी म्हणाली. "'आज बंद होतं.' एवढंच वाक्य, बाबा. बाकीचं आपणच रचलं. तुम्ही नाताळातही सांगितलंय. उन्हाळ्यातही सांगितलंय. आपण तिघं इथंच रडलोय, आणि मग खुर्च्यांत बसलोय."

"म्हणून मला..." आईनं तोंडावर हात घेतला. दूध उतू जातं तेव्हाचं ते रडू कशाचं होतं, ते तिला आत्ता कळत होतं. "मग ते औषध? नाताळापासून..."

"सुरूच नाही झालं," बाबा म्हणाले. ते फार बारीक आवाजात बोलले.

निशीला आठवत काहीच नव्हतं. तरी तिला दिसत होतं: या खुर्चीत बसलेली एक मुलगी, जिच्या तोंडून शब्द फुटत नाही, आई थोपटते म्हणून जी टोप घालते. मग पुन्हा तीच मुलगी, या वेळी "नको" असं पुटपुटलेली, पण कुणाला ऐकू न गेलेली. प्रसंग पुसला जातो, सवय नाही. वर्षभर मिरवलेला तो धीटपणा कुठून आला होता, ते तिला कळलं. ती इथं येऊन येऊन शिकली होती. आणि तिच्या त्या शिकण्याचे महिने बाबांच्या हातांतून वजा झाले होते.

ती आईच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, बाबा, ऐका. मी टोप घालणार नाही. मी नाही म्हटलं की तुमचंही पुसलं जाणार नाही, नियमच आहे. उद्या इथूनच नागपूरला जायचं, तिघांनी, आणि औषध सुरू करायचं. दहावीचं मी बघून घेईन." तिनं टोप उचलून मंजिरीबाईंच्या हातात दिला. "आणि माझी तपासणी करायची की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. मोठी झाले की ठरवीन. पण ते मला ठरवायचंय, एवढं तरी मला आठवायला हवं."